रोग्याचा धंदा विचारणारा डॉक्टर पाहिजे

गांवचा शेतकरी किंवा कारागीर दवाखान्यांत गेला म्हणजे डॉक्टर त्याला चार गोष्टी विचारतो. काय होतें, केव्हांपासून होतें, भूक लागते का, आणि विडी, तंबाखू, दारू यांपैकीं काय चालतें. ह्या चारहि गोष्टी विचारण्यासारख्याच आहेत. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु पांचवी एक गोष्ट आहे. तिच्यांत त्या माणसाचा सारा दिवस जातो, त्याचें बळ खर्च होतें आणि पुष्कळ वेळां त्याचा रोगहि तेथेंच जन्म घेतो. ती मात्र कोणी विचारीत नाहीं. “तुम्ही काम काय करतां?” हा तो प्रश्न होय. एखाद्यानें विचारलाच तर केसपेपरावर “मजूर” किंवा “शेती” असा एक शब्द लिहून तो मोकळा होतो. मजूर म्हणजे कसला? दगड फोडणारा, जिनांत सरकी काढणारा, भट्टीपुढें बसणारा, कीं उसाच्या फडांतून मोळ्या वाहणारा? आणि शेती म्हणजे बांधावर उभें राहून करावयाची, कीं पाठीवर पंप घेऊन फवारणी करावयाची? ह्या भेदावर रोगाचें निदान अवलंबून असतें.

हा दोष एकट्या डॉक्टराच्या माथीं मारून चालणार नाहीं. त्याला ज्या कॉलेजांत घडविलें तेथें हा प्रश्न विचारण्याची संवयच लावलेली नसते. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, मेडिकल कॉलेजांतून धंद्यामुळें होणाऱ्या रोगांचें शिक्षण नांवापुरतें न राहतां रोग्याच्या खाटेपाशीं, रोजच्या रोज आणि परीक्षेंत गुण देऊन दिलें गेलें पाहिजे. हा प्रश्न शहरांतल्या चार कारखानदारांचा नाहीं. जे हातानें काम करून खातात त्या सर्वांचा तो आहे, आणि ह्या पत्राचे वाचक तेच आहेत.

ही कांहीं नवी टूम नव्हे. इटली देशांत मोडेना शहरीं बर्नार्दिनो रामाझ्झिनी नांवाचा वैद्यकाचा प्राध्यापक होऊन गेला. १७०० सालीं त्यानें कामकऱ्यांच्या रोगांवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला, व १७१३ सालीं त्यांत आणखी धंद्यांची भर घालून दुसरी आवृत्ति काढली. ह्या ग्रंथाचा उगम कशांत झाला तें ऐकण्यासारखें आहे. त्याच्या घरच्या शौचकुपांतील मैला उपसण्याचें काम चाललें होतें. उपसणारा मजूर जिवाच्या आकांतानें घाई करीत आहे असें पाहून प्राध्यापकानें त्याला कारण विचारलें. मजुरानें सांगितलें कीं ह्या जागेंत कांहीं तासांहून अधिक राहिलें तर डोळे जातात; काम संपल्यावर घरीं जाऊन अंधाऱ्या खोलींत डोळे धूत बसावें लागतें. प्राध्यापकानें त्याचे डोळे पाहिले, ते लाल होऊन सुजले होते. मग शहरांत हेंच काम करणारे किती जण आंधळे किंवा अर्धे आंधळे होऊन भीक मागत आहेत, तें त्याच्या ध्यानांत आलें. तेव्हांपासून तो चांभाराच्या, कुंभाराच्या, लोहाराच्या, विणकराच्या दुकानांत जाऊन बसूं लागला. पाथरवटाच्या फुफ्फुसांत दगडाची भुकटी भरते, कुंभाराचे हात शिशाच्या झिलईनें थरथरतात, व्हेनिसचे तांबट घणांच्या आवाजानें बहिरे होतात, हें त्यानें लिहून ठेविलें. शेतकऱ्यांच्या रोगांवरहि त्यानें एक प्रकरण लिहिलें. आणि आपल्या धंद्याच्या लोकांना त्यानें बजावलें कीं, प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस यानें रोग्याला विचारावयाचे जे प्रश्न सांगितले आहेत, त्यांत “तुझा धंदा कोणता?” हा प्रश्न जोडा.

ह्या गोष्टीला तीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. आतां आपल्याकडे पाहा. मैला उपसणारा आमच्या देशांतहि होता, तांबट होता, कुंभार, चांभार, पाथरवट सारे होते. वैद्यहि होते आणि पोथ्याहि होत्या. परंतु पोथी ज्याच्या हातीं होती तो ह्या कामकऱ्यांच्या दारांत जाऊन बसणारा नव्हता, आणि काम ज्याच्या हातीं होतें त्याला अक्षर शिकण्याची बंदी होती. विद्या एका जातीकडे आणि घाम दुसऱ्या जातीकडे, अशी वांटणी ज्या समाजानें धर्माच्या नांवावर केली, तेथें घामाचा रोग विद्येला कळावा कसा? शिवाय आमच्याकडे धंदा जन्मानें मिळे, म्हणजे त्या धंद्याचा रोगहि जन्मानेंच मिळे. वडाराच्या पोराला बापाकडून सुतकी आली, तिच्याबरोबर छातींतील धूळहि आली. त्या धुळीला मग कोणी नशीब म्हटलें, कोणी पूर्वजन्मींचें पाप म्हटलें. रोगाला पाप म्हटलें म्हणजे त्याचें कारण शोधण्याची जबाबदारी संपते. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला तो ह्याच लबाडीच्या मुळावर घाव घालण्यासाठीं.

त्या समाजाचे एक खंदे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या रविवारच्या सुटीसाठीं झगडून ती १८९० सालीं मिळविली, हें आमच्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु त्या सुटीचा वैद्यकाशीं काय संबंध आहे, तें फार थोड्यांना ठाऊक असेल. कापसाच्या बारीक धुळीनें छातीला जो रोग जडतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची पहिली खूण मोठी चमत्कारिक आहे. सुटीनंतर कामाचा जो पहिला दिवस येतो त्या दिवशीं छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. पुढें आठवडाभर तें कमी कमी होत जातें. वर्षें लोटलीं म्हणजे मग तो दम रोजचाच होतो, आणि नोकरी सुटली तरी हटत नाहीं. “छाती कोणत्या वारीं आवळते?” एवढें जो डॉक्टर विचारील त्याला रोग आरंभींच सांपडेल, व त्या माणसाला पिंजणखात्यांतून हलवून त्याची छाती वांचवितां येईल. जो विचारणार नाहीं तो दमा म्हणून औषध देत राहील. मुंबईच्या बहुतेक गिरण्या आतां गेल्या. पण विदर्भ-खानदेशांतील जिनें व प्रेस आणि ठिकठिकाणच्या सूत गिरण्या चालूच आहेत, आणि त्यांतून माणसेंच काम करीत आहेत.

आतां पाटीवरच्या पेन्सिलीची गोष्ट सांगतों, कारण ती आम्हां शाळामास्तरांच्या फार जवळची आहे. खेड्यापाड्यांतील लक्षावधि मुलांनीं ज्या पेन्सिलीनें पाटीवर “अ” गिरविला, ती पाटीची पेन्सिल माळव्यांत मंदसोर येथें दगड कापून बनविली जात असे. यंत्राच्या करवतीनें तो दगड सुका कापला म्हणजे त्याची पिठासारखी धूळ उडे. तिच्यांत सिलिका म्हणजे गारेचा अंश असतो. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ नाकाघशांत अडकते. जी दिसत नाहीं ती फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तेथें गांठी धरते. फुफ्फुस हळूहळू घट्ट होऊन श्वास अपुरा पडूं लागतो. ह्या रोगाचें नांव सिलिकोसिस. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेनें ह्या कामगारांची तपासणी केली, तिचा अहवाल १९८५ सालीं छापून आला. तपासलेल्यांपैकीं अर्ध्याहून अधिक कामगारांच्या फुफ्फुसांत हा रोग आढळला. आमच्या मुलांचीं अक्षरें वळणदार व्हावींत म्हणून मंदसोरचीं माणसें भर तारुण्यांत खोकून मेलीं, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति नाहीं.

हाच रोग आपल्याकडे खाणींत, खडी क्रशरवर, जातें-पाटा घडविणाऱ्याच्या अंगणांत आणि मूर्तीच्या कारखान्यांत आहे. पण तो ह्या नांवानें नोंदला जात नाहीं, त्याची क्षयांत गणना होते. खोकला, वजन घटणें, छातीच्या फोटोंत डाग, हीं चिन्हें दोहोंतहि असतात. म्हणून पाथरवटाला क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. गोळ्या संपतात, दम तसाच राहतो, पुन्हां गोळ्या चालू होतात. खरें पाहतां सिलिकोसिसवर त्याला नाहींसें करणारें औषधच नाहीं. धूळ टाळणें हाच उपाय. दगडावर पाणी सोडून ओलें काम केलें तर धूळ पुष्कळ बसते. आणखी एक गोष्ट अशी कीं, सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांहून अधिक असतो. म्हणजे दोन्ही रोग एकाच छातींत असूं शकतात, आणि डॉक्टराला दोन्ही ओळखतां आले पाहिजेत. थुंकी तपासून क्षयाचा निकाल करावा, आणि धंदा विचारून धुळीचा.

शेतकऱ्यांकडे वळूं. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व शेतमजूर यांना विषबाधा झाली आणि वीसांहून अधिक माणसें मेलीं. त्या वर्षीं कपाशी उंच वाढली होती. डोक्यावर धरलेल्या नळींतून उडालेलें औषध तोंडावर, छातीवर, पाठीवर पडत होतें. औषधेंहि एकाची दुसऱ्यांत मिसळून मारलेलीं होतीं. आतां हें विष केवळ तोंडावाटे पोटांत जातें असें नाहीं, भिजलेल्या कपड्यांतून कातडीवाटेहि तें रक्तांत शिरतें. सेंद्रिय फॉस्फरसच्या जातीचें औषध असेल तर बुबुळें टाचणीच्या टोकाएवढीं बारीक होतात, घाम व लाळ सुटते, उलट्या होतात, अंगाचें मांस फडफडतें. अशा वेळीं ॲट्रोपिन हें इंजेक्शन जीव वांचवितें. पण सर्व कीटकनाशकांवर तें चालत नाहीं. कित्येकांवर उतारा म्हणून कांहींच नाहीं, नुसता आधार देऊन रोग्याला तगवावें लागतें. म्हणून कोणतें औषध फवारलें हें विचारणें हाच उपचाराचा आरंभ होय. जो डॉक्टर विचारीत नाहीं, तो उलटी पाहून अपचन म्हणतो, घाम पाहून ऊन लागलें म्हणतो. आणि सर्वांत साधी गोष्ट, म्हणजे अंगावरचे भिजलेले कपडे काढून साबण-पाण्यानें अंग धुणें, ती तशीच राहून जाते. कातडीवाटे विष शिरतच असतें, वर सलाईन चालू असतें!

बायांचें दुःख ह्याहून वेगळें आणि अधिक लाजिरवाणें आहे. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस काम चुकलें कीं खाडा. पहाटेपासून मोळी डोक्यावर, फडावर न्हाणीघर नाहीं, स्वच्छ पाणी नाहीं, पाळींत विसांवा नाहीं. ओटीपोटांत दुखूं लागलें, अंगावरून जाऊं लागलें, म्हणजे बाई डॉक्टराकडे जाते. आणि डॉक्टर पिशवी काढून टाकण्याचा सल्ला देतो. राज्य सरकारनें २०१९ सालीं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. बीड जिल्ह्यांत ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, तींत १३ हजारांवर बायांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. ह्यांत कोणा डॉक्टराचा पैशाचा लोभ असेल, त्याची चौकशी सरकारनें करावी. पण लोभ नसलेल्या डॉक्टरालाहि जर “बाई, तूं दिवसाला किती मोळ्या वाहतेस, पाण्याची सोय काय आहे, पाळी आली तर सुटी मिळते का,” हें विचारावयास शिकविलेंच नसेल, तर तो रोग शरीरांतच शोधणार, आणि शरीराचाच तुकडा कापून फेकणार. दोष फडाचा आणि शिक्षा पिशवीला!

आतां कॉलेजांत काय शिकवितात तें पाहूं. एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. राष्ट्रीय पातळीवर २०१९ पासून जो अभ्यासक्रम लागू झाला, त्यांत धंद्याच्या आरोग्याचा विषय जनऔषधवैद्यकशास्त्राच्या खात्यांत घातला आहे, आणि त्याखालीं पांच कलमें आहेत. पहिल्या कलमांत शेतीच्या कामाचाहि स्पष्ट उल्लेख आहे. पुढें राज्य कामगार विमा योजना, निरनिराळ्या धंद्यांतील धोके, काम करतांना शरीर कसें ठेवावें, आणि खुद्द दवाखान्यांत काम करणारांचे धंदेरोग. कलमें चांगलीं आहेत, आम्ही त्यांना नांवें ठेवीत नाहीं. परंतु औषधांचीं व शस्त्रक्रियेचीं मोठमोठीं खातीं ज्या रोग्यांवर शिकवितात, ते रोगी कोणता धंदा करतात हें त्या खात्यांनींहि रोजच्या रोज विचारलें नाहीं, तर एका खात्याचीं पांच कलमें कोरडींच राहणार. कारखान्यांवर नेमावयाच्या डॉक्टरांसाठीं तीन महिन्यांचा निराळा अभ्यास मुंबईस सायन येथील केंद्रीय श्रम संस्थेंत आहे. पण तो कारखान्याच्या डॉक्टरासाठीं. आमचा पाथरवट आणि ऊसतोडीची बाई कोणत्या कारखान्याच्या डॉक्टराकडे जाणार? ते जातात तालुक्याच्या दवाखान्यांत.

सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालींच सांगून ठेविलें होतें कीं, डॉक्टर हा समाजाचा डॉक्टर झाला पाहिजे, आणि त्यासाठीं रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचें तीन महिन्यांचें शिक्षण त्याला मिळालें पाहिजे. सांगून झालें, खातें निघालें, पुस्तकें छापलीं. पण विद्यार्थ्याला ठाऊक असतें कीं नांव होतें तें हृदयाच्या व मेंदूच्या डॉक्टराचें. धुळीच्या डॉक्टराला कोण विचारतो?

ह्यांत आमच्या पैशाचाहि प्रश्न आहे, तो नीट समजून घ्या. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याच्या ८९ व्या कलमानें प्रत्येक डॉक्टरावर असें बंधन घातलें होतें कीं, परिशिष्टांत दिलेल्या २९ रोगांपैकीं एखादा रोग कारखान्यांतील कामगाराला झालेला दिसला, तर त्यानें तसें सरकारी निरीक्षकाच्या कचेरीस लेखी कळवावें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागीं २०२० ची नवी संहिता अंमलांत आली; तिच्यांतहि हें बंधन कायम आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यांतहि धंदेरोगांची यादी असते. तो रोग सिद्ध झाला तर मालकाला पैसे द्यावे लागतात. त्या यादींत सिलिकोसिस आहे, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस आहे, उसाच्या वाळलेल्या चिपाडाच्या धुळीनें होणारा बॅगासोसिसहि आहे. आतां सांगा, ज्या डॉक्टरानें रोग ओळखलाच नाहीं, तो कळविणार काय? त्यानें “क्षय” लिहिलें कीं मालक सुटला, सरकार सुटलें, आणि विधवेच्या हातीं दाखवावयास कागद राहिला नाहीं. कायदा कितीहि चांगला असला तरी त्याच्या दाराची किल्ली डॉक्टराच्या लेखणींत आहे. आणि ती लेखणी कशी चालवावयाची तें कॉलेजांत शिकवावें लागतें.

कोणी म्हणेल कीं, विद्यार्थ्यांवर आधींच अभ्यासाचें ओझें फार, त्यांत ही भर कशाला? आम्ही नवें पुस्तक मागत नाहीं. जो रोगी वॉर्डांत आधींच पडलेला आहे, त्यालाच चार प्रश्न अधिक विचारा म्हणतों. कोणतें काम, किती वर्षें, कशाची धूळ, धूर किंवा औषध, आणि सुटीच्या दिवशीं बरें वाटतें का. ह्याला दोन मिनिटें लागतात. दुसरा कोणी म्हणेल कीं, डॉक्टराला धंदा कळला तरी तो काय करणार? गरिबाला काम सोडा म्हणून सांगतां येत नाहीं. खरें आहे, पण पाणी मारून दगड फोडा, वाऱ्याच्या दिशेनें फवारा, चपला चिकटविण्याचें काम बंद खोलींत करूं नका, हें सांगतां येतें. तुर्कस्तानांत इस्तंबूल येथें डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनीं जोडे बनविणाऱ्या कामगारांतील रक्ताचा कर्करोग आणि चिकटविण्याच्या द्रावणांतील बेंझीन यांचा संबंध १९७४ सालीं जगापुढें मांडला. धंदा विचारल्यावांचून तो कोणाला दिसला असता?

तेव्हां आमच्या मागण्या अशा. पहिली, प्रत्येक इस्पितळाच्या केसपेपरावर धंद्याचा रकाना मोठा असावा, आणि “मजूर” एवढेंच लिहिणें चुकीचें धरावें. दुसरी, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानें प्रात्यक्षिक परीक्षेंत, रोगी कोणत्याहि खात्याचा असो, धंद्याची हकीकत घेण्याला स्वतंत्र गुण ठेवावे. आम्ही मास्तर लोक जन्मभर पाहत आलों आहों कीं, जें परीक्षेंत येत नाहीं तें मूल वाचीत नाहीं. मूल मोठें होऊन डॉक्टर झालें तरी त्याची ही रीत बदलत नाहीं. तिसरी, २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यास खेड्यांतील कांहीं कुटुंबें दत्तक देण्याची योजना सुरू झाली आहे. त्या कुटुंबांची उंची-वजनें लिहून परत न जातां, विद्यार्थ्यानें एक दिवस त्यांच्याबरोबर भट्टीवर, मागावर, फडावर काढावा. तेथें शिकविणारा कुंभार, लोहार, विणकर हाच असावा, आणि त्याच्या बुडालेल्या रोजाची भरपाई कॉलेजानें करावी. ज्याला हजारों वर्षें शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवलें, त्याला एक दिवस तरी गुरूच्या आसनावर बसूं द्या. चौथी, खेड्यांत पहिलें औषध देणारा डॉक्टर पुष्कळ ठिकाणीं आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. हें शिक्षण त्यांच्याहि कॉलेजांत दिलें पाहिजे.

एक शब्द आमच्याच मुलांना. छत्रपति शाहू महाराजांनीं १९०२ सालीं आपल्या संस्थानांत मागासलेल्यांना निम्म्या जागा राखून ठेविल्या. त्या वाटेनें चालत आज कुणब्याचा, माळ्याचा, कुंभाराचा, वडाराचा मुलगा आणि मुलगी मेडिकल कॉलेजांत पोंचलीं. ह्याचा आम्हांस अभिमान आहे. पण पांढरा डगला चढला कीं बापाचा धंदा सांगावयास कित्येकांस लाज वाटूं लागते. बाबांनो, जें ज्ञान तुमच्या मास्तरांच्या पुस्तकांत नाहीं तें तुम्ही घरून घेऊन आलां आहां. कोणत्या कामांत कमर जाते आणि कोणत्या कामांत डोळे, हें तुम्ही आईच्या मांडीवर शिकलां. तें झांकूं नका, वॉर्डांत बोलून दाखवा.

आणि वाचकहो, कॉलेजें सुधारेपर्यंत आपण हात जोडून बसावयाचें नाहीं. डॉक्टरानें विचारलें नाहीं तरी आपण सांगावें. “साहेब, मी पंधरा वर्षें खडी फोडतों,” “डॉक्टर, मी सकाळपासून फवारणी करीत होतों,” असें आरंभींच बोलावें. फवारणीचा त्रास झाला तर औषधाची बाटली व तिच्या वेष्टणावरचा कागद बरोबर न्यावा. त्यावर उताऱ्याची माहिती असते. वेष्टणावर लाल त्रिकोण असेल तर तें विष सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, हें घरांतल्या शाळकरी पोरांकडून ओळखावयास शिकून घ्यावें. कोठें, कोणाकडे, किती वर्षें काम केलें तें एका वहींत लिहून ठेवावें. हजेरीचा, पगाराचा कागद फाडूं नये. केसपेपरावर काम कोणतें लिहिलें तें घरच्या शिकलेल्या पोराकडून वाचवून घ्यावें, आणि चुकीचें असेल तर न लाजतां दुरुस्त करून मागावें. दवाखान्यांत आपण दयेची भीक मागावयास जात नाहीं. सरकारी दवाखाना आपण दिलेल्या करावर चालतो, आणि तेथला डॉक्टर ज्या कॉलेजांत शिकला तें कॉलेजहि आपल्याच पैशावर उभें आहे. ज्यांच्या घामानें त्या कॉलेजाची वीट न् वीट रचली गेली, त्यांच्या घामाचा रोग तेथें शिकविला गेला पाहिजे, एवढेंच आमचें मागणें आहे. आणि तें मिळेपर्यंत आम्ही तें मागत राहूं.